मिनिटभर शांतता

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा! ट्रंक, वळकटी, हत्यारांची पेटी आणि ही कोरी वही, एवढा संसार घेऊन सकाळच्या गाडीनं उतरलो आणि दुपारच्या आत कामावर रुजूही झालो. ग्रामोफोनच्या तबकड्या भरून देणाऱ्या दुकानात सात वर्षं कान झिजवले, त्याचं चीज झालं म्हणायचं. आता मी बोलपटांच्या कंपनीत ध्वनिमुद्रक आहे. सकाळपासून हा शब्द मनातल्या मनात वीसेक वेळा म्हणून पाहिला. छान वाटतो.

बिऱ्हाड एका बुकबाइंडरच्या दुकानावर मिळालं आहे. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि एक नळ, जो बंद केला तरी आपलं मत मांडत राहतो. जिन्यात खळीचा वास भरलेला असतो, पण खिडक्या मोठ्या आहेत. बायको आणि लेक आठ महिने तिच्या माहेरी आहेत, कारण जुन्या गावी मी मित्राच्या खोलीत पथारी टाकून राहत होतो. आता ते संपलं. बावीस तारखेच्या रविवारी दोघी संध्याकाळच्या गाडीनं येणार. लेक पाच वर्षांची आहे. तिची टकळी अखंड चालू असते, म्हणून तिला आम्ही पोपट म्हणतो. खिडकीच्या कठड्याला तिच्या उंचीइतकी फळी ठोकून घ्यायची आहे, नाहीतर ही कार्टी वाकून वाकून खाली पडायची.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मायक्रोफोन हातात घेतला आणि जन्माचं सार्थक झालं. जुन्या दुकानातला कोळशाच्या भुकटीचा मायक्रोफोन म्हणजे नुसता वैताग. कोणी गात असो वा नसो, मागं आपली चरचर चालूच. हे नवं यंत्र फिरत्या वेटोळ्याचं आहे. आत एक दणकट लोहचुंबक, त्याच्या फटीत केसासारख्या तारेचं वेटोळं, आणि त्या वेटोळ्याला चिकटलेला पत्र्याचा पातळ पडदा. आवाज पडद्यावर आपटतो, वेटोळं हलतं, आणि तारेत वीज उमटते. याला बॅटरी नको, काही नको. कोणी बोललं की झालं. वजन मात्र असं की एका हातानं उचलायला गेलो आणि साहेबांच्या पायावर पाडता पाडता वाचलो.

साहेब म्हणजे आमचे दिग्दर्शक. मनानं चांगले, तोंडानं फाटके. त्यांच्या नाकातून शिट्टी वाजते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगणारा मी नव्हे.

चित्रीकरणाचा हॉल मोठा आहे. भिंतींना गोणपाट आणि नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, ठोकलेला, एकच जाड दरवाजा. कडेला माझी काचेची खोली. तिथं बसून हेडफोन लावायचे आणि दुहेरी काचेतून हॉलकडे पाहायचं. माझ्या खोलीचा दरवाजा बाहेरच्या बोळात उघडतो. काचेच्या अलीकडे मी तोफ उडवली तरी पलीकडे ऐकू जायची नाही.

इथं एक पद्धत आहे. ती आधीच्या ध्वनिमुद्रकानं पाडली. प्रसंग चित्रित करून झाला की कोणी जागचं हलायचं नाही, आणि मी मिनिटभर हॉलची नुसती शांतता भरून घ्यायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन संवादांच्या मध्ये आवाजाच्या फिल्मची कोरी पट्टी जोडली तर पडद्यावर एकदम आवाज मेल्यासारखा होतो आणि लोक चमकतात. म्हणून तिथं त्याच खोलीची शांतता जोडायची. मला ही पद्धत फारच आवडली. बोलण्याचे पैसे घेणारे पुष्कळ असतात, गप्प बसायचे घेणारा मीच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रोज सकाळी चाचणीची पट्टी काढायची असते. मी यंत्र चालू करतो, हॉलमध्ये जातो, मायक्रोफोनखाली उभा राहून मिनिटभर बोलतो, आणि दुपारपर्यंत ती पट्टी फोटोसारखी धुऊन येते. आधीच्या माणसाच्या चाचण्या नुसत्या आकडे मोजण्याच्या आहेत. मला त्याचा कंटाळा येतो, म्हणून मी बायकोशी बोलतो. ती तिथं नसली म्हणून काय झालं! बिऱ्हाड कसं आहे, कोणत्या गाडीनं यायचं, स्टेशनवरून कुठं वळायचं, तिच्या माहेरच्या शेजारच्या औषधाच्या दुकानातला फोन नंबर मला कसा तोंडपाठ आहे, असं सगळं. आज पोपटाला रागावूनही झालं. बरं वाटलं.

शांतता घेताना एक खेळ सुरू केला आहे. हेडफोनमधून सगळ्यांचे श्वास ऐकू येतात, आणि ते मी ओळखतो. साहेबांची शिट्टी. दिवेवाल्याची धाप. नायिकेचं काम करणाऱ्या बाईंचा श्वास आखूड, कारण पोट आत ओढून उभ्या असतात. आज हॉलमध्ये नऊ माणसं होती आणि नऊच्या नऊ ओळखली. दिवेवाल्याला म्हटलं, विडी सोडा. तो म्हणाला, तुम्ही ऐकायचं सोडा.

८ फेब्रुवारी, रविवार

कंपनीच्या कचेरीतून औषधाच्या दुकानात फोन लावला. पोपट एका दमात सगळं बोलली. बायकोला बोलायला मिळालं ते शेवटचं अर्धं मिनिट. ती म्हणाली की आता दिवस जात नाहीत. मी म्हटलं, माझे तरी कुठं जातात. 

कचेरीच्या बाहेर दरवानाचं स्टूल असतं. पन्नाशीचा माणूस, बोलता येत नाही, गळ्यात पाटी अडकवलेली असते. माझं बोलणं चाललं होतं तेव्हा तो माझ्याकडे टक लावून पाहत होता. मी हसलो. तो हसला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज खेळ हरलो. हॉलमध्ये आठ माणसं होती. मी दोनदा मोजली. श्वास नऊ आले.

नववा श्वास हलका होता, बाईमाणसाचा वाटला. हॉलमध्ये बाई एकच होती, आणि तिचा श्वास मला पाठ आहे. काचेतून पुन्हा पाहिलं. आठच. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, तुमच्या हेडफोनमध्ये तुमचाच श्वास शिरला असेल, जरा जेवत जा. सगळे खो खो हसले. मीही हसलो. बाई मात्र हसल्या नाहीत. नंतर बोळात गाठून म्हणाल्या की तो मायक्रोफोनचा दांडा डोक्यावर आला की मला मानेवर कोणाचा तरी श्वास लागतो, म्हणून मी दोन महिने केस मोकळे सोडूनच काम करते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत हॉल पूर्ण रिकामा केला. स्वतः कोपरान् कोपरा पाहिला, दरवाजा ओढून घेतला, आणि काचेच्या खोलीत येऊन शांतता भरून घेतली.

श्वास होता. एकच, संथ. मिनिटाला चौदा. आणि तो मायक्रोफोनच्या अगदी जवळून येत होता.

भ्यायलो का? खरं सांगायचं तर भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. सात वर्षांत मला न ओळखता आलेला आवाज नाही, तेव्हा हा कोण लागून गेला! दुपारी दरवान माझ्या खोलीत आला. त्यानं माझ्या कानांवरून हेडफोन काढून घेतले आणि पाटीवर लिहिलं की शांतता घेऊ नका. मी त्याला थट्टेनं म्हटलं की बाबा, तू न बोलून पगार घेतोस, मग माझ्या पोटावर पाय का देतोस? तो पाटी पुसून निघून गेला. मला नंतर वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मी एक गंमत केली. लिहून ठेवतो, कारण अशी गंमत सुचायला आमच्या धंद्यातलंच डोकं लागतं.

फिरत्या वेटोळ्याचा मायक्रोफोन आणि लाउडस्पीकर ही दोन यंत्रं नव्हेतच. एकच यंत्र उलटसुलट जोडलेलं. आवाजानं वेटोळं हललं की वीज येते, आणि वीज सोडली की वेटोळं हलून आवाज येतो. म्हणजे ऐकणाऱ्या मायक्रोफोनला बोलताही येतं, कोणी जोडलं तर. मी दुपारच्या सुट्टीत जोडलं. तारा उलट फिरवल्या, दुसरा मायक्रोफोन माझ्यासमोर घेतला, आणि रिकाम्या हॉलमध्ये त्या टांगलेल्या मायक्रोफोनच्या तोंडून विचारलं, “कोण आहे तिथं? बोला, मी ऐकतोय.”

लगेच तारा पूर्ववत केल्या आणि हेडफोन लावले. श्वास थांबला होता. मिनिटभर काहीच नाही. मग श्वास पुन्हा सुरू झाला, पण आता दोन. दुसरा भारी होता, आणि ओळखीचा वाटला. कोणाचा ते काही केल्या आठवेना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठलो तो घसा बसलेला. चाचणीच्या वेळी बायकोशी दोनच वाक्यं बोललो. चहावाल्यानं आल्याचा तुकडा दिला, तो चघळला.

कालचा दुसरा श्वास आठवला. पट्टी पुन्हा ऐकायची गरजही पडली नाही. झोपेतून उठताना, कुशीवर वळताना मी तो रोज ऐकतो. माझा आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घसा दुखत नाही, ताप नाही, आणि आवाज मात्र कुजबुजीएवढाच उरला आहे. आज प्रसंगानंतरची शांतता धुऊन आली. त्यात सदतिसाव्या सेकंदाला माझा आवाज आहे. स्वच्छ, मोकळा. म्हणतो आहे, “कोण आहे तिथं? बोला, मी ऐकतोय.” त्या वेळी मी काचेच्या आत तोंड मिटून बसलो होतो.

साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले की जुन्या पट्टीचा तुकडा चुकून जोडला गेला असेल, पुन्हा असा घोळ नको. मला त्यांचं खरं मानायचं होतं. फार मानायचं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

फोन लावला. बायकोला माझं एक अक्षर ऐकू गेलं नाही. हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मागून पोपट ओरडत होती की आई, मला दे, मी मोठ्यानं बोलते. मी तोंडातल्या तोंडात खरखरत राहिलो. शेवटी बायको दुकानदाराला म्हणाली की लाइन खराब आहे, आणि फोन बंद झाला.

ती बोलत होती आणि मी नव्हतो. 

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले की घशात काही नाही. गाणाऱ्या माणसासारखा निरोगी आहे. विश्रांती घ्या, सगळं मनाचं असतं.

आज कुजबुजही येत नाही. ओठ हलतात, हवा येते, बस.

चाचणीच्या वेळी मी आज नुसताच उभा राहिलो होतो. पट्टी धुऊन आली तेव्हा तिच्यात मिनिटभर बोलणं भरलेलं. माझ्या आवाजात. बिऱ्हाडाबद्दल, नळाबद्दल, खिडकीच्या फळीबद्दल. मी बारा दिवस जे बोललो ते, पण शब्द मागं-पुढं करून, नवी वाक्यं बनवून. शिकतोय तो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दरवानाला गाठलं. दोन मुकी माणसं एका पाटीवर बोलत बसलो, कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. त्यानं जे लिहिलं ते जसंच्या तसं उतरवतो.

आधीचा ध्वनिमुद्रक मीच.

रोज मिनिटभर आम्ही रिकाम्या जागेकडे कान देऊन उभे राहायचो. एक दिवस तिकडूनही कोणीतरी कान दिला.

तारा उलट फिरवून मी पण विचारलं होतं.

त्यानं माझा आवाज घेतला. मग माझ्या आवाजात माझ्या बायकोला बोलावलं. ती गेली, त्याच्याशी बोलत बसली. खुर्चीत सापडली. डोळे उघडे, श्वास नाही. तुम्ही ऐकता तो श्वास तिचा.

मी विचारलं, मग तुम्ही इथं का थांबलात?  त्यानं लिहिलं, ती तिथं आहे. मी कुठं जाऊ?

मी त्याच्या गळ्यात पडून रडलो. आवाज न येता रडणं फार वाईट असतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बायकोचं पत्र आलं. सोमवारी टाकलेलं. त्यातलंच लिहितो.

काल संध्याकाळी तुमचा पुन्हा फोन आला आणि जीव भांड्यात पडला. दुपारी लाइन किती खराब होती, आणि संध्याकाळी मात्र अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज. तुम्ही म्हणालात तशा आम्ही बाविसाला सकाळच्याच गाडीनं येतो. तुम्ही स्टेशनवर येऊ नका, आम्ही थेट कंपनीत येऊ. पोपटाला तुम्ही तुमचं यंत्र दाखवणार म्हणालात, तेव्हापासून तिनं घर डोक्यावर घेतलं आहे. इतकं मोकळं तुम्ही कधी बोलला नव्हतात. मी रात्रभर हसत होते.

मी फोन केला नव्हता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच तार केली. येऊ नका, पत्र येईतो निघू नका. खाली माझं नाव. तारमास्तरानं चिठ्ठी वाचून विचारलं की कोणी आजारी आहे का. मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

मायक्रोफोन दांड्यावरून काढून लोखंडी कपाटात बंद केला. साहेब भडकले. म्हणाले, सोमवारी मला तो जागेवर दिसला पाहिजे. सोमवार ना! रविवार उलटू दे, मग हवं तर त्याला डोक्यावर घेऊन नाचा.

संध्याकाळी कचेरीचा फोन लागलेला दिसला. रिसीव्हर खाली काढून ठेवलेला होता. खोलीत कोणी नव्हतं. कानाला लावला. माझा आवाज बोलत होता आणि माझी बायको हसत होती.

मी फोनची तार उपटून काढली. पण बोलणं झालेलं होतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तिची उलट तार. तुम्ही सांगितलं तसंच झालं, कोणीतरी खोडसाळ तार केली, आम्ही फसलो नाही, निघतो आहोत.

आता निघालो तर वाटेत चुकामूक. गाड्या एकमेकींना मध्यावर ओलांडतात. मी तिथं पोहोचेन तेव्हा त्या इथं असतील. स्टेशनवरच थांबवायच्या. दुसरा मार्ग नाही.

जेवणाच्या सुट्टीत हातोडा घेतला आणि कपाट उघडलं. एक घाव पुरे होता. पत्रा, वेटोळं, संपलं असतं. मी हात उचलला आणि तो बोलला. ना तार, ना वीज. माझ्याच आवाजात, अगदी हळू. फोडलंस तर परत मिळायचा नाही. पोपटाला हाक कशी मारशील?

मी हातोडा खाली ठेवला.

ठेवला. मीच ठेवला. दरवानानं हे यंत्र का नाही फोडलं, ते आता कळलं—

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळ. स्टेशनवर पहाटेपासून उभा. फलाटावर फळा आहे, त्यावर गाडी वेळेवर असल्याचं लिहिलं होतं. गाडी आली. प्रत्येक डबा पाहिला. बायका, ट्रंका, पोरं, सगळे उतरले. त्या नाहीत.

गाडीच्या गार्डाला चित्र काढून विचारलं. एक बाई, एक एवढीशी मुलगी. तो म्हणाला, त्या ना? आधीच्या जंक्शनलाच उतरल्या, मोटारीनं पुढं गेल्या. नवऱ्यानं फोनवर तसं सांगितलं होतं म्हणे. चांगली बडबडी पोर आहे तुमची.

धावत निघालो.

—

कंपनी. सुट्टी, कोणी नाही. दरवान फाटकात बसून रडतो आहे. पाटीवर लिहिलेलं, मी हात जोडले, पाया पडलो, बाई घाबरल्या, पोरीला घेऊन आत पळाल्या.

हॉलचा दरवाजा आतून बंद. कडी लावली आहे. लाथा मारल्या. नमद्यात आवाज जिरतो. आत कोणाला—

काचेच्या खोलीत आलो. इथून दिसतात. दोघी. हॉलच्या मध्ये दोन खुर्च्या. तिनं ती निळी साडी नेसली आहे. पोपट उंच झाली. फार उंच झाली गं.

आणि मायक्रोफोन दांड्यावर आहे. खाली ओढलेला, पोपटाच्या तोंडासमोर. काल पुन्हा बंद केलेल्या कपाटाची किल्ली तर माझ्या खिशात—

हेडफोन लावले.

—

तो सांगतो आहे. मी आतल्या यंत्राच्या खोलीत आहे, काम हातावेगळं करून येतोच. तोवर बोला माझ्याशी. आणि ऐक. एक माणूस येईल. हुबेहूब माझ्यासारखा दिसेल. त्याला बोलता येत नाही. तो मी नाही. दार उघडू नकोस.

तिनं काचेकडे पाहिलं. मला पाहिलं. माझ्याकडे पाहून ती घाबरली. माझ्याकडे!

स्टूल उचलून काचेवर घातलं. पहिली काच तडकली. दुसरी नाही. पोपट किंचाळली, हेडफोनमधून कानात— बायकोनं तिला ओढून पोटाशी धरलं आणि दोघी मागं सरकल्या. मायक्रोफोनच्या आणखी जवळ. स्टूल टाकून दिलं. हे त्यालाच हवं होतं.

श्वास मोजतो आहे. बायकोचा. पोपटाचा. दरवानाच्या बायकोचा. पोपटाचा संथ होत चालला आहे. डोळे जड झाल्यासारखी बसली आहे. बोलता बोलता पोपट कधी पेंगली आहे?

कागद. कागदावर. अक्षर तर माझंच आहे.

—

ही वही काचेला लावली. उघडी पानं, एकेक. तडकलेल्या काचेतून वाचता येतं आहे. ती जवळ आली. ओठ हलवत वाचते, तिची सवय. वाचते आहे. अकरा तारीख. अठरा. एकोणीस. तिचा हात तोंडाशी गेला.

आता हे तुझ्यासाठी लिहितो, मोठ्या अक्षरात, हे वाच. तो तेवढंच जाणतो जेवढं मी त्या हॉलमध्ये किंवा फोनवर बोललो. त्याला पोपटाच्या कापडी बाहुलीचं नाव विचार. एका डोळ्याच्या. ते मी इथं आल्यापासून एकदाही उच्चारलेलं नाही. विचार. चुकला की पोरीला उचल आणि दार उघड.

वाचलं तिनं. मान हलवली. देवा.

विचारलं. हेडफोनमध्ये तिचा आवाज. थरथरतो आहे पण विचारलं. अहो, हिच्या बाहुलीचं नाव काय हो ठेवलंत तुम्ही?

तो गप्प.

गप्प. नुसता श्वास. माझा श्वास. त्याला येत नाही. नाही येत! ती माझ्याकडे बघते आहे. डोळे भरले आहेत. ओळखलं मला. काचेवर हात ठेवला, मी इकडून ठेवला. दाराकडे निघाली. पोपटाला हाक मारली तिनं, न वळता. कडीवर हात—

पोपट उठली नाही. जागी झाली आहे. मायक्रोफोनकडे बघून हसते आहे. बाबा अडला म्हणून. कोणी अडलं की हिला राहवत नाही. खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली. तोंड पुढं केलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच, हाताचा आडोसा करून—

नको. पोपटा, नको. सांगू नको त्याला.

काचेवर ठोकतो आहे. बायकोची पाठ आहे. कोणालाच—

सांगितलं. ऐकू आलं मला. कुजबुज, पण स्वच्छ.

आता तो म्हणाला. मोठ्यानं. माझ्या आवाजात, नाव, आणि वर माझं हसू.

कडीवरचा हात थांबला. ती वळली. हसली. तिनं कडी सोडून दिली आणि ती परत खुर्चीकडे—